चौघांची बारावी रेकॉर्ड

आजवर माझ्या तोंडून दुसरेच बोलत आले. कुणी गायलं, कुणी गिटार बडवली, कुणी नुसतंच किंचाळलं. आज जरा थांबा, मी स्वतः बोलतोय. मी एक रेकॉर्ड प्लेअर. वय पन्नाशीच्या पुढे, अंगावर लाकडी पेटी, डोक्यावर धुरकटलेलं झाकण आणि स्वभावाने भारी चौकस.

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक टेबलावर कुणी माझी मोटर बसवली, कुणी रबरी पट्टा चढवला, कुणी सुई लावली. शेवटी एका बाईंनी माझ्यावर रेकॉर्ड ठेवून पाहिली, मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. गाणं अर्ध्यावरच तुटलं. पुढे काय होतं, ही रुखरुख मला अजून आहे.

म्हणून घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींच्या घरी आलो तेव्हा वाटलं, आपलं नशीब उघडलं. हा माणूस अर्धवट काही ऐकायचाच नाही. एखादा रॉक बँड आवडला की त्याच्या पहिलीपासून शेवटच्यापर्यंत साऱ्या रेकॉर्डी, ओळीने. मधलं काही गाळायचं नाही. “रद्दड गाणंसुद्धा ऐकायचं,” ते म्हणायचे. “माणसं कुठे चुकली ते कळल्याशिवाय सुधारली कुठे ते कसं कळणार?” दिवसभर डोळ्याला भिंग लावून घड्याळांची बारीक चाकं जुळवायची आणि संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसायचं. केसाळ पोरं आमच्या देखत पोक्त झाली, भांडली, वेगळी झाली.

त्यातल्या एका बँडवर त्यांचा फार जीव. त्याला ते नुसतं ‘चौघं’ म्हणायचे. चौघांच्या एकूण बारा रेकॉर्डी. अकरा ऐकून झाल्या आणि बारावी घरात आली, ती वेष्टनातच राहिली. “ही ऐकली की चौघं संपले,” घड्याळजी म्हणाले. “राहू दे. पुढे कधीतरी.” ती वर्षानुवर्षं माझ्याशेजारी फळीवर उभी होती. तिच्यात काय असेल या विचाराने माझी सुई शिवशिवायची.

मग एका आजारपणात घड्याळजींचे दोन्ही कान गेले. यंत्र लावून पाहिलं, नुसती खरखर. त्यांनी माझं झाकण बंद केलं, दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि पुढच्या खोलीत यायचंच सोडलं. बोलणंही तुटलं. आत खिडकीकडे तोंड करून बसायचे. बायकोने वहीत लिहून काही विचारलं तर मानेनेच हो किंवा नाही.

बायको निवृत्त नर्स. घड्याळजी लाडात आले की तिला सिस्टर म्हणायचे. तिला या संगीताचं वावडं. नोकरीत होती तेव्हा तिची ड्यूटी बहुतेक संध्याकाळची, आणि सुट्टीला घरी असली तर स्वयंपाकघराचं दार लावून घेऊन आतून विचारायची, “कुणाचा दात उपटताय का?” त्यामुळे एकही गाणं तिच्या कानावर कधी धड पडलं नव्हतं. पण एका सकाळी तीच कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

“त्यांना ऐकू येत नाही ना, मग मी ऐकते,” ती म्हणाली. “बारावीत काय आहे ते मी त्यांना सांगणार. पण त्यांच्याच शिस्तीने. पहिलीपासून.”

मला गहिवरून आलं. तिने ओल्या फडक्याने मला खसाखसा पुसलं आणि तिथेच घोटाळा झाला. माझ्या कडेला वेगाचा खटका आहे. मोठ्या रेकॉर्डींना मिनिटाला तेहतीस फेरे, छोट्यांना पंचेचाळीस. फडक्याने तो पंचेचाळीसवर सरकला. तिला पत्ताच नाही. मला कळलं, पण मी सांगणार कसं?

अकरा दिवस अकरा रेकॉर्डी पळाल्या. चौघं पाठीमागे कुत्रं लागल्यासारखे गायले. त्यांच्या धीरगंभीर गायकाची चिमणी झाली. सिस्टर ताठ बसून, रुग्णाचा तक्ता भरावा तशा वहीत नोंदी करत होती. ‘सुरुवात दहा पाच, बाजू संपली दहा एकवीस. गायकाला अजून मिसरूड फुटलेलं नसावं. ड्रमवाल्याला कुठेतरी जायची घाई आहे.’ पाचव्या रेकॉर्डीला मात्र लिहिलं, ‘तिसरं गाणं दोनदा ऐकलं. का ते माहीत नाही.’ हे वाचून मला फार मौज वाटली.

बाराव्या दिवशी तिने वही आणि ती बंद रेकॉर्ड आत नेऊन घड्याळजींच्या मांडीवर ठेवली. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. त्यांनी आधी तोंड फिरवलं. मग नाइलाजाने वही उघडली. एक पान वाचलं, पुन्हा वाचलं, मग दुसरं. ओठ हलायला लागले.

“अगं, पहिली बाजू सोळा मिनिटांत कशी संपली? बावीस मिनिटांची आहे ती!”

जन्मभर मिनिटं दुरुस्त केलेला माणूस तो. तरातरा पुढच्या खोलीत आला, माझ्यापुढे वाकला, खटका पाहिला आणि असा हसत सुटला की भिंतीला हात टेकावा लागला.

“सिस्टर! अगं, तू अकराच्या अकरा पळवल्यास!”

ती आधी ओशाळली, मग उसळली. “मग मला सांगणार कोण? तुम्ही आत तोंड फिरवून बसलेले!”

शब्द त्यांना ऐकू आले नाहीत, पण तिचा चेहरा कळला. हसू ओसरलं. त्यांनी खटका तेहतीसवर आणला आणि खुर्ची ओढली. “पहिलीपासून लाव,” ते म्हणाले. “मी बसतो.”

पुन्हा अकरा दिवस. घड्याळजी माझ्या लाकडावर बोटं टेकवून बसायचे. ड्रमचे ठोके तेवढे बोटांना कळायचे, बाकीचं त्यांना पाठच होतं. सिस्टर लिहायची, ते वाचून तावातावाने भांडायचे. “हे रद्दड? याला रद्दड म्हणतेस?” त्या भांडणाचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

काल बारावी. घड्याळजींनी बारीक पातीने वेष्टन कापलं. माझा पट्टा सैल झालाय, मध्येच दम तुटेल अशी मला धास्ती. पण जीव एकवटून फिरलो, दोन्ही बाजू. घड्याळजी पूर्ण वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. सुई उचलली गेली तेव्हा त्यांनी अगदी हळू विचारलं, “कशी आहे?”

तिने वहीत एक ओळ लिहिली. मग वही त्यांच्यापुढे धरली. ‘अजून कळली नाही. उद्या परत लावते.’

घड्याळजींनी ती ओळ दोनदा वाचली आणि वही छातीशी धरून बसून राहिले.

आज सकाळी त्यांनी किती तरी महिन्यांनी डोळ्याला भिंग लावलंय आणि मला उघडून नवा पट्टा चढवतायत, म्हणून मला ही बोलायची सवड मिळाली. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद झाकण लावून पडला असेल, तर त्याला उघडा. एक तरी गाणं त्याला शेवटपर्यंत गाऊ द्या. अर्ध्यावर तुटलेलं फार काळ टोचतं, मला विचारा.

बरं, येतो आता. पट्टा बसला. सिस्टर ओलं फडकं घेऊन येतेय, आणि घड्याळजी खटक्यावर बोट दाबून उभे आहेत.