बंद घराचा हौद

मार्गासनीच्या खालच्या आळीत आठवड्यात डेंगीचा तिसरा पेशंट निघाला, तसं गावची आशा सेविका सुलक्षणा हिला जेवण गोड लागेना. तिसरी म्हणजे रत्ना, ठकुबाईंची सून. तिला भोरला दवाखान्यात ठेवलं होतं आणि रक्तातल्या पेशी रोज खाली चालल्या होत्या.

सुलक्षणानं आळीतली घरं दोनदा पालथी घातली होती. पिंपं, रांजण, फ्रिजमागचे ट्रे, सगळीकडं बॅटरी मारून पाहिली. कुठं चार-दोन अळ्या, बस्स. राहिलं होतं एकच घर, दीनानाथरावांचं. ते नोकरीमुळं भोरात राहायचे; इथं वर्षभर कुलूप. अंगणात मात्र भला मोठा हौद.

तिनं फोन लावला. "रविवारी येऊन उघडतो, ताई," ते म्हणाले.

"साहेब, आज मंगळवार हाय. अंड्याचा डास व्हायला आठ दिस बास होत्यात."

"मग काय कुलूप तोडू म्हणता?" फोन बंद.

दुपारभर ती आळीतून येरझाऱ्या घालत राहिली. घरी जाऊन बसली, पुन्हा उठून आली. तोवर आळीभर झालं होतं की साहेबाच्या हौदानंच माणसं पाडली. तिनंही कुणाला गप्प केलं नाही. शेवटी तिनं पदर खोचला.

"काकू, शिडी द्या."

शेजारच्याच ठकुबाईंनी शिडी दीनानाथरावांच्या अंगणाच्या भिंतीला लावून धरली. सुलक्षणा भिंतीवर चढली आणि तिथंच थबकली. हौद ठणठणीत कोरडा होता. तळाला भेग, भेगेत गवत.

"काय गं, लई हायत का?" खालून ठकुबाईंनी विचारलं.

उतरायला म्हणून ती वळली, तर समोर ठकुबाईंच्याच गोठ्याचा पत्रा. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर चार जुनी टायरं ठेवलेली, आणि टायरांत पाणी चकाकत होतं.

"काकू, शिडी तुमच्या गोठ्याला लावा."

पांढऱ्या वाडग्यात काढलेलं पाणी अळ्यांनी वळवळत होतं. ठकुबाईंनी वाडग्यात वाकून पाहिलं. "म्हंजी सुनंला म्याच आजारी पाडली?"

"न्हाई काकू. दोनदा येऊन म्या खालनंच बघून गेले." सुलक्षणानं टायरं खाली ढकलली, पाणी तापल्या मातीवर ओतलं, पत्र्यावर दगड चढवले.

मग तिनं दीनानाथरावांना फोन केला. "हौद कोरडा हाय. न इचारता तुमच्या भिंतीवर चढले, माफ करा. गावातबी सांगते तसं."

"पडला नाहीत ना?" त्यांनी विचारलं.

पण उडालेले डास थोडेच परत येणार होते! गावात धूरफवारणी झाली, तरी आणखी दोघांना ताप आला. त्यांचे रिपोर्ट येईपर्यंत सुलक्षणा एका जागी बसली नाही. दोघं घरीच बरे झाले आणि त्यानंतर आळीत कुणी पडलं नाही.

टायरं उतरवल्याच्या दहाव्या दिवशी रत्ना एसटीतून उतरली. चेहरा उतरलेला, पण पायांवर उभी. ठकुबाईंनी स्टँडवरच, सुलक्षणासमोर, टायरांचं सगळं सांगून टाकलं.

रत्नानं मान खाली घातली. "आत्याबाई, टायरं म्याच चढवली व्हती. तुमी जत्रंला गेला व्हता तवा."

ठकुबाईंनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. "चल घरला. ऊन लागंल."