गुडघ्यांचं तेल

डेलच्या दंडावर पहिला निळा डाग दिसला, तेव्हा आयोननं तो हसण्यावारी नेला. "कुठल्या गाईची लाथ खाल्लीस?"

"गाईची नाही, गोठ्याच्या फाटकाची," डेल म्हणाला.

पण मग मांडीवर डाग, पाठीवर डाग. दात घासताना लाल थुंकी.

आयोन डेलची दुसरी बायको. पहिली, मार्लीन, गेल्यावर त्यानं केलेलं हे लग्न युटामधल्या त्या लहानशा गावाला अजून पचलं नव्हतं, आणि त्याच्या थोरल्या बहिणीला, व्हर्नेटाला, तर मुळीच नाही. व्हर्नेटा घरी वनस्पतींच्या तेलांची मिश्रणं करायची. कुणाच्या सर्दीला निलगिरी, कुणाच्या झोपेला लॅव्हेंडर. चर्चमधली निम्मी म्हातारी माणसं तिच्या बाटल्यांवर विसंबलेली.

रविवारी चर्चच्या जेवणात तिनं भावाची बाही वर सरकवली आणि चार जणांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "मार्लीन होती तेव्हा याच्या अंगावर साधा ओरखडा नसायचा."

आयोननं हातातला काटा ताटात ठेवला. डेल मान खाली घालून चीजमधले बटाटे खात राहिला.

"एक शब्द बोलला असतास तर जीभ झडली असती?" गाडीत ती कडाडली. "उद्या गाव म्हणेल, मी तुला बडवते!"

"तिचं काय मनावर घेतेस," एवढंच तो पुटपुटला.

दोन दिवसांनी त्याच्या नाकातून रक्त आलं ते थांबेचना. आयोननं त्याच्या मांडीवर टॉवेल टाकला आणि गाडी हॉस्पिटलकडे हाणली.

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. हृदयाचे ठोके चुकतात म्हणून डेल रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यायचा. रक्त भलतंच पातळ झालं होतं.

"गोळ्या जास्त गेल्या का?"

"मी स्वतः मोजून देते," आयोन म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला गुन्हेगारासारखा वाटला.

डॉक्टरीणबाई त्याचे पाय तपासायला वाकल्या आणि थबकल्या. "हा वास कसला?"

आयोनला तो वास रोजचा होता. डेल चघळतो त्या पेपरमिंटसारख्या गोळ्यांचा, असं ती समजून चालली होती. डेलनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"व्हर्नेटाचं तेल. विंटरग्रीन नावाच्या झुडपाचं. गुडघ्यांना लावतो."

"किती?"

"ती म्हणाली, थेंबभर, दुसऱ्या तेलात मिसळून. थेंबानं काय होतंय? मी नुसतंच तळहातभर चोळतो, वरून शेकायची पिशवी बांधतो."

ते तेल म्हणजे ॲस्पिरिनचंच भावंड, तेही रक्त पातळ करतं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. कातडीतून रक्तात उतरतं, शेकलं की जास्तच. त्यात ही गोळी. त्यांनी नर्सला हाक मारून उताऱ्याचं इंजेक्शन मागवलं.

"मला का नाही सांगितलंस?" आयोननं विचारलं.

"तिची बाटली घरात दिसली असती तर तुम्हा दोघींत भडका उडाला असता."

संध्याकाळी व्हर्नेटा धावत आली. आयोननं तिला दारातच अडवून सगळं सांगितलं.

"पानांचं तेल आहे ते, विष नव्हे!"

"धोतऱ्यालाही पानंच असतात, व्हर्नेटा."

व्हर्नेटा मान खाली घालून बाकावर बसली. आयोननं कितीदा तरी मनात रंगवली होती तिची ही खाली गेलेली मान. आता ती समोर होती, तर गोड काही वाटेना.

"तो गोळ्या कुठल्या घेतो, मी विचारलंच नाही," व्हर्नेटा म्हणाली. मग तिनं मान वर केली. "चर्चमधला हार्लन पण रक्त पातळ करायची गोळी घेतो. त्यालाही मीच दिलंय."

"आणखी कुणाला?"

"आठवावं लागेल."

"गाडीत आठव. ऊठ."

हार्लन म्हाताऱ्यानं दार उघडलं. सगळं ऐकून घेतलं, आणि बाटली छातीशी धरून म्हणाला, "डॉक्टरांनी माझ्यासाठी काही केलं नाही. यानं मी जिना चढतो. नाही देणार."

व्हर्नेटा रडायला लागली. आयोननं हात पुढे केला. "मग आधी पँट वर कर. पाय दाखव."

त्याच्या पोटऱ्या निळ्याजांभळ्या होत्या. त्यानं स्वतःच्या पायांकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्याचेच. बाटली तिच्या हातात दिली.

डेल वाचला. गुडघे मात्र पुन्हा धरले, काठी आली. व्हर्नेटा घरी येते, पण आयोनशी हवापाण्यापलीकडे बोलत नाही. चर्चमध्ये काही जण म्हणतात, आयोननं बिचारीचं चांगलं चाललेलं तेलांचं काम बंद पाडलं. डेल आता तरी आपल्या बाजूनं चार शब्द बोलेल, म्हणून आयोन त्याच्याकडे बघते. तो काठीची मूठ चोळत बसतो.