ओला पट्टा

दोन हजार बावीस सालचा माघ. पवना धरणाचं पाणी ओसरून तिकोणा पेठेखालचा गाळ उघडा पडला होता. पप्पूचा ट्रॅक्टर मुरमाची ट्रॉली घेऊन उताराला लागला, तर वाटेतच नंदाबाई म्हशीची दोरी धरून बसलेली.

"मावशी, उठा की. बजरंगभाऊंनी भराव टाकाय सांगितलाय."

"मग त्यालाच घिऊन ये."

बजरंग तिच्या दिराचा मुलगा. ओसरत्या पाण्यामागं हे घर वर्षानुवर्षं गाळपेर करायचं. वर हरभरा पेरायचा, पाण्यालगतचा ओला पट्टा तसाच सोडायचा. त्या चिखलात पाणटिवळे उतरत. लांब पायांचे, लांब चोचींचे, बर्फाच्या मुलखातून थंडीपुरते आलेले. भातलावणीच्या बायांसारखे वाकून ओळीनं सरकायचे. एके काळी त्यांनी सगळा काठ हलताना दिसायचा. मग काठाकाठानं भराव पडले, पर्यटकांचे तंबू आले, आणि थवे विरत गेले. यंदा मोजकेच उतरले होते, आणि नेमक्या त्याच पट्ट्यावर बजरंगला तंबू लावायचे होते.

तो आला तो तणतणतच. "काकी, जमीन सरकारची हाय. तुजी न्हाई."

"तुजी तरी कुटं हाय?"

"चार पाखरांपायी माजा धंदा बुडवती व्हय?"

"वर माळावर लाव की तंबू. तितनं काय पाणी दिसत न्हाई?"

"गिऱ्हाइकाला पाण्यात पाय सोडून बसायचं असतंय."

"मग घरीच बादलीत सोड म्हनावं."

पप्पूला हसू आवरेना. बजरंगनं डोळे वटारले. "समदा काठ भरलाय, काकी. ती पाखरं आता येतीलच कशाला?"

"लगीन हून पयल्यांदा म्हायेरी गेले, तर ह्याच धरणानं गाव गिळल्यालं. आयबाप दुसऱ्याच्या पडवीत. हातातली पिशवी कुटं ठिवावी कळंना." ती जागची हलली नाही. "इतक्या लांबनं येनाऱ्यावर तशी पाळी मी आणू देनार न्हाई. वत मुरूम माज्या अंगावर."

ट्रॉली माघारी गेली. नंदाबाई मात्र पाणी पुन्हा चढेपर्यंत रोज येऊन बसली.

बजरंगनं तंबू माळावर लावले. धंदा आता बरा चालतो, पण तो चुलतीशी बोलत नाही. पप्पू वडगावात टेम्पो चालवतो. म्हैस विकली. नंदाबाईचे गुडघे गेले, तरी काठी टेकत ती उतार उतरते.

गेल्या माघात एकही पाणटिवळा आला नाही. काठानं फिरणाऱ्या एका पोरीनं विचारलं, "आजी, कुणाची वाट बघताय?"

"वाट न्हाई बघत. जागा धरलीय," नंदाबाई म्हणाली.