पांदणीतला आंबा

कुठलीही गोष्ट 'माझी' म्हणणं मला जड जातं. पुस्तकांवरसुद्धा मी नाव पेन्सिलीनं लिहितो. अकोल्याला जठारपेठेत राहून चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. जुन्या सनदांत जमीन दिली जायची ती 'जल, तरू, तृण, पाषाण' यांच्यासकट, हे मुलांना दरवर्षी सांगितलं; पण एक तरू मलाच अडवील, असं वाटलं नव्हतं.

बडनेऱ्याजवळ आमचं आणि नत्थुजींचं शेत समोरासमोर आहे. मधून पांदण जाते, म्हणजे बैलगाडीची वाट. तिच्या मधोमध एक गावरान आंबा. यंदा पांदणीचा रस्ता होणार म्हणून अपेक्षा नावाची तरुण इंजिनियर मोजणीला आली. नत्थुजींनी मला फोन करून बोलावून घेतलं.

"झाड तोडावं लागेल," ती म्हणाली. "वाचवायचं असेल तर रस्ता वळवते. पण वळणाची जागा झाडाच्या मालकानं द्यायची. मालक कोण?"

"सर," नत्थुजी म्हणाले.

"नत्थुजी," मी म्हणालो.

"आमचं कसं, सर? माहा बाप सांगे, झाड तुमच्या वडलाचं व्हय. म्हून तं दरसाल तुमचा वाटा अकोल्याले पोचवतो."

मी ओशाळलो. माझे वडील सांगत, झाड नत्थुजींच्या वडिलांचं. ते आंबे मी तीस वर्षं भेट समजून खाल्ले आणि परतभेट म्हणून नत्थुजींच्या पत्नीला, कौशल्यावहिनींना, दर दिवाळीला लुगडं पाठवलं.

"सारे हिरवेच!" बांधावर उभ्या वहिनी म्हणाल्या. "मी म्हनो, मास्तरले दुसरा रंग ठाऊक नाई काय?"

"मालक नसेल तर उद्या तोडू," म्हणत अपेक्षानं खोडावर खडूनं फुली मारली.

मी त्या फुलीजवळ जाऊन उभा राहिलो. सनद देणाऱ्यांबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं; घेणाऱ्यानं तोंड कसं उघडायचं, हे कुठं सापडलं नव्हतं.

"माझं आहे," मी म्हणालो. आवाज चिरकला. "जागा मी देतो."

"वा रे वा!" वहिनी उसळल्या. "उन्हाळाभर पानी कोनं घातलं, मास्तर? झाड आमचं हाय. जागा आमी देऊ!"

"आत्ता तर कुणाचंच नव्हतं," अपेक्षा म्हणाली.

"तवा तोडाची गोठ कुठी पक्की होती?"

बराच वाद झाला. शेवटी ठरलं, झाड मध्ये आणि रस्ता दोन्हीकडून.

"घ्या! आपल्या पांदणीले डिव्हायडर आला," नत्थुजी हसले.

रस्त्याची कड आखायला, चुना टाकण्यासाठी दोन्ही शेतांत खुंट्या ठोकल्या. मुळांना जागा हवी, म्हणून वहिनींनी त्यांची खुंटी आपल्याच शेतात हातभर आत सरकवली. मग मीही सरकवली. त्यांनी पुन्हा. मीही पुन्हा.

"पुरे हो!" अपेक्षा ओरडली. "इथं विमान उतरवायचं नाहीये!"

"थांबा मास्तर," वहिनी धापा टाकत म्हणाल्या, "आता माही पाळी हाय."

मी तोवर माझी खुंटी तिसऱ्यांदा उपटली होती.