काकांच्या शोकेसमधले काडतूस

मी एक जुने काडतूस आहे. खरे म्हणजे आता अर्धेच. पितळेची पुंगळी, तिच्यात दारू आणि टोकाला गोळी असे आमचे कुटुंब असते. त्यातली दारू जळाली, गोळी गेली आणि मागे उरलो तो मी, पुंगळी. इंग्लंडात, लेस्टरमधल्या एका बैठकीच्या खोलीत, काचेच्या शोकेसमध्ये, पितळी गणपतीशेजारी मला मानाने ठेवले आहे. मित्रांनो, हा मान मला नको आहे. पण माझे ऐकतो कोण?

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्यावर बसवलेली गोळी चांगली जाडजूड आणि जड होती. नॉटिंगहॅमच्या एका बंदुकीच्या दुकानात आम्ही भावंडे एका खोक्यात बसलो होतो, तेव्हा मुरलीधरकाका आले. काका इथे येऊन तीस-पस्तीस वर्षे झालेली. बस कंपनीतून निवृत्त झालेले, नेमबाजीच्या क्लबचे जुने सभासद. आफ्रिकेत जाऊन बैलाएवढे हरिण मारायचे, हा त्यांचा ध्यास होता. दुकानदाराने त्यांची रायफल कोणती, जनावर कोणते, हाड किती जाड, सगळे विचारले आणि मग आमचे खोके पुढे केले. त्या जनावरासाठी निवड अगदी योग्य होती. मीसुद्धा छाती फुगवून बसलो.

पण काकांचे गुडघे गेले, मग हात थरथरू लागला. आफ्रिका राहिली ती राहिलीच. आम्ही लोखंडी कपाटात कुलपाआड वर्षानुवर्षे पडून होतो. महिन्यातून एकदा काका खोके उघडत, आमच्यावरून बोट फिरवत आणि उसासा टाकून परत ठेवून देत. मला त्यांची फार दया येई.

सुमेधा ही त्यांची पुतणी. जन्म इथलाच. ती स्कॉटलंडमध्ये वनखात्यात काम करते. तिथे हरणे फार वाढली की नवी झाडे जगत नाहीत, म्हणून दर हिवाळ्यात काही हरिणी माराव्या लागतात. ते तिचे काम. ती एका गोळीत, जनावराला कळायच्या आत मारते, अशी तिची ख्याती होती. २००५च्या नोव्हेंबरात ती काकांना चार दिवस आपल्याकडे घेऊन गेली. दुधाची तहान ताकावर, पण काका लहान मुलासारखे खूश झाले. परवान्याचे कागद, रायफल आणि आमचे खोके, सगळे त्यांनी बरोबर घेतले. रायफल मात्र त्यांच्याने खांद्याला लावूनही धरवेना.

सकाळी डोंगराच्या पायथ्याशी गाडी थांबली. काकांनी खिशातून मला काढले.

"हे घे. माझ्या हातून तर आता काही होणार नाही. एक तरी माझ्या नावाने."

सुमेधा घुटमळली. "काका, माझा रायफल हलक्या गोळीवर झिरो केला आहे, नेम तिच्यावरच सेट आहे. हा वेगळा लागेल. लो जाईल."

"अगं, जड गोळी केव्हाही चांगली. मोठं जनावर आहे. एवढं माझं ऐक."

"पण काका, टेस्ट नाही केला..."

"मी तुला कधी काही मागितलंय का?"

जेवताना मोठ्यांनी आग्रहाने ताटात वाढले की नको म्हणायचे नसते, हे तिला आईने लहानपणापासून शिकवले होते. तिने मान खाली घालून हात पुढे केला. सुमेधाला सगळे ठाऊक होते, मलाही ठाऊक होते. 'परत ठेव मला,' असे मी जिवाच्या आकांताने म्हणत होतो. काडतुसाचे कोण ऐकणार?

दीड तास चढून ती कड्यापलीकडे पोचली. वाऱ्याला तोंड देऊन एक हरिणी चरत उभी होती. सुमेधाने मला रायफलीत भरले, दुर्बिणीतून काळजावर नेम धरला, श्वास रोखला. मग मोठा आवाज झाला आणि माझी गोळी मला सोडून गेली. तापलेला मी गवतात पडलो.

गोळी चार बोटे खाली गेली. हरिणीचा पुढचा पाय मोडला. ती पडली, उठली आणि तीन पायांवर पळत सुटली.

सुमेधाने मला उचलून खिशात टाकले आणि ती धावली. पुढे तिची कुत्री टिली रक्ताचा वास घेत होती. धुके उतरले. दर थोड्या वेळाने हरिणी दिसे, आणि रायफल खांद्याला लागेपर्यंत नाहीशी होई. सुमेधा रडत होती, "सॉरी, सॉरी," म्हणत होती. मी तिच्या खिशात गार पडत गेलो. दुपार कलल्यावर एका ओढ्यात हरिणी बसलेली सापडली. तिला उठवत नव्हते. ती नुसती बघत होती. सुमेधाने आपल्या नेहमीच्या हलक्या काडतुसाने तिला सोडवले. त्या सगळ्या वेळात हरिणीने काय सोसले, ते मला सांगवत नाही.

खाली काका गाडीत थर्मास घेऊन वाट बघत होते. दुसरा आवाज डोंगराआड विरला होता.

"एकच बार ऐकला मी! एका गोळीत ना?"

सुमेधाने त्यांच्या थरथरत्या हातांकडे पाहिले. "हो काका. एका गोळीत."

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी मला मागून घेतले, घरी आणून चिंचेने घासले आणि इथे ठेवले. आल्यागेल्याला ते माझी गोष्ट सांगतात. गोष्ट खोटी आहे, आणि मी साक्षीदार म्हणून चकाकत उभा असतो.

काल हरीश आला होता. नागपूरचा मुलगा, लीड्सला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला नुकतेच रायफलीचे सर्टिफिकेट मिळाले आहे आणि शनिवारी तो पहिल्यांदाच शिकारीला निघतो आहे. काकांनी कपाट उघडून माझी दोन भावंडे त्याच्यापुढे धरली.

"काका, क्लबवाल्यांनी माझी रायफल हलक्या गोळीवर सेट करून दिलीय हो," हरीश म्हणाला.

"सुमेधाचीही तशीच होती. ते बघ, शोकेसमध्ये. एका गोळीत!"

हरीशने माझ्याकडे पाहिले. मग दोन्ही हात पुढे करून त्याने माझी भावंडे घेतली आणि काकांच्या पाया पडला.

मित्रांनो, काडतूस वाईट नसते. ते कोणत्या रायफलीला, कोणत्या जनावराला, हे आधी बघावे लागते. नुसता मान राखायला ते घेऊ नका. नको म्हटल्याने काका दोन दिवस रुसतील आणि तिसऱ्या दिवशी चहाला बोलावतील. हरिणीला तिसरा दिवस नसतो. तुमच्यापैकी कोणी हरीशला ओळखत असाल, तर कृपा करून शनिवारच्या आत त्याला एवढे सांगा. मी काचेआड आहे.