सरळ केलेली वाक्यं

विद्यापीठाच्या मागच्या दारासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. सगळी पोरं मला मावशी म्हणतात. खरी भाची त्यातली एकच. ती माझ्याकडेच राहते, पहिल्या वर्षाला आहे. माझं शिक्षण दहावीपाशी अडलं. इंग्रजी शिकले ती लोकांचे निबंध टाइप करता करता, सव्वीस वर्षं.

गेल्या वर्षी एकदा इंग्रजीच्या बाईंनी विषय दिला होता : निबंध लिहायला चॅटबॉट वापरावा का, तुमचं मत मांडा. सोबत एक फॉर्म. कुणाची, कशाची मदत घेतली ते लिहून खाली सही. लिहिलेलं खोटं निघालं तर विषय बाद, वर्ष पुन्हा.

प्रिंटसाठी थांबलेली पोरं बाकावर वाद घालत होती. चष्मेवाला म्हणत होता, यात लबाडी कसली, आकडेमोड यंत्रावर केली तर कुणी विचारतं का? भाजीवाल्या बाईंची मुलगी म्हणाली, तिच्या घरी इंग्रजीतलं एक वाक्य विचारायला माणूस नाही. चॅटबॉट निदान हसत तरी नाही. ते मला आत कुठेतरी लागलं. त्यांच्यातल्या बारक्या नावाच्या पोराची तऱ्हा वेगळीच. तो चॅटबॉटकडून निबंध लिहून घ्यायचा आणि वर त्यालाच सांगायचा, आता यात माझ्यासारख्या चार चुका घाल.

भाचीने चॅटबॉटला हातही लावला नव्हता. तिने पेनाने लिहिलेली चार पानं माझ्यापुढे ठेवली. निबंधात तिचं म्हणणं एवढंच होतं, की माझी वाक्यं वाकडी असतील, पण ती माझ्यासारखीच धडपडत इथवर आली आहेत.

मी टाइप करायला घेतलं आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने वाक्यं सरळ करत गेले. धान्य निवडताना खडा दिसला की बोटं आपसूक जातात, तसं. धडपडणारं वाक्यसुद्धा सरळ केलं. विचारायचं असतं हे मला कधी सुचलंच नाही. आजवर कुणी तक्रारही केली नव्हती. मग दुकानाच्या नियमाप्रमाणे हाताने लिहिलेली पानं तिच्यादेखत फाडली. एकाचं लिखाण दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून मीच केलेला नियम. भाचीने टाइप झालेलं न वाचताच फॉर्मवर लिहिलं, मदत नाही, आणि सही केली. मावशीने टाइप करून देणं म्हणजे मदत, हे तिच्या गावीही नव्हतं.

सोमवारी बाईंनी तिला समोर बसवून त्याच विषयावर एक पान लिहून घेतलं. टाइप केलेला निबंध आणि ते पान शेजारी शेजारी ठेवलं. एकातली वाक्यं सरळ, दुसऱ्यातली वाकडी; बघायचं काही उरलंच नाही.

ती दुकानात आली, दप्तर खाली ठेवलं.

"मावशी, तू बदललंस?"

मी मान डोलावली. ती रडली नाही, भांडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

मी तशीच उठून बाईंकडे गेले. सगळं सांगितलं, कुठला शब्द काढला, कुठला घातला, आठवेल तेवढं बोलून दाखवलं. बाई दमलेल्या होत्या, टेबलावर निबंधांची चळत. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"तुम्हीच केलंत, हे मला पटतं," त्या शेवटी म्हणाल्या. "पण ते तिचं नाही, एवढंच तर मी म्हणतेय."

मी म्हटलं, मग शिक्षा मला करा.

"तुम्हाला कुठल्या वर्गातून काढू?"

विषय बाद झाला. बारक्या बऱ्या मार्कांनी पास झाला. बाईंनी शेरा दिला म्हणे, प्रामाणिक प्रयत्न. तो पेढ्याचा पुडा आणल्याच्या थाटात सांगायला आला होता. भाचीला बघून प्रिंट न घेताच गेला.

आता ती पुन्हा पहिल्या वर्षाला आहे. माझ्याशी बोलते, चहाही करून देते. पण निबंध असला की कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसते, पडदा भिंतीकडे वळवते आणि दोन बोटांनी टाइप करते. मी करते त्याच्या चौपट वेळ लागतो.

काल पानं माझ्या बाजूच्या प्रिंटरमधून आली. तिसऱ्या ओळीतलं वाक्य लंगडत होतं. एक शब्द इकडचा तिकडे केला की झालं. ती पाठीमागे उभी होती, माझ्या हातांकडे बघत.

मी पानं जुळवली, कोपऱ्यात पिन मारली आणि तिच्या हातात दिली.