लेकीच्या घरचं पाणी

"श्वास धरा," डॉक्टर म्हणाले, आणि आबांनी जो धरला तो सोडायचं नाव घेईनात.

ते टेबलावर पालथे होते. पोटाखाली वाळूची पिशवी, तोंड भिंतीकडे. पाठीवर जांभळ्या औषधाने फुली काढलेली. शालन अर्धवट लोटलेल्या दाराशी उभी होती. तिला सुई दिसली नाही. डॉक्टरांचा कोपर पुढे गेला आणि मागे आला एवढंच दिसलं. आणि दिसली आपल्या वडिलांची पावलं. टाचांना भेगा, वर सूज. ती जराही हलली नाहीत.

"अहो चिमाजी, सोडा आता श्वास. झालं."

"सोडला तर चालंल व्हय?" पालथा आवाज आला.

सिस्टर हसली. डॉक्टर काचेच्या बशीत काहीतरी उजेडाकडे धरून बघत होते. शेवईच्या तुकड्याएवढं, फिकट.

"एवढंसंच?" शालनने विचारलं.

"एवढ्यावरच कळतं सगळं." डॉक्टर विलायतेहून शिकून आलेले, पुण्याहून आठवड्यातून एकदा या धर्मादाय दवाखान्यात येत. "मूत्रपिंडाचा आजार बाहेरून सगळ्यांचा सारखाच दिसतो. पाय सुजतात, लघवीला फेस येतो. आत मात्र तऱ्हा वेगळ्या. एकीला नवं औषध लागू पडतं, एक आपोआप ओसरते, एकीला काहीच चालत नाही. तुमच्या वडिलांची कुठली, ते मुंबईला हा तुकडा तपासून सांगतील." त्यांनी आवाज उतरवला. "ते पुढचं. आज जपायचं. आत जखम आहे. उताणं पडून राहायचं, हलायचं नाही. आणि भरपूर पाणी. लघवी वाहती राहिली पाहिजे. रक्ताची गाठ अडकली, तर पुण्याला हलवावं लागेल. आणि या रस्त्यावरच्या धक्क्यांनी पुन्हा रक्त सुटायची भीती."

"पाजते मी," शालन म्हणाली. पाणी पाजायचं काम काही अवघड नव्हतं.

वॉर्डातला माठ पालथा घातलेला होता. चिंचवडात कावीळ होती, म्हणून ज्याने त्याने घरून उकळलेलं पाणी आणावं असा हुकूम होता. शालनचं बिऱ्हाड जवळच, पिंपरीला, पेनिसिलीनच्या कारखान्याच्या वसाहतीत. तिने पहाटेच हंडा उकळून गार केला होता. रहाटणीहून तिचा भाऊ ज्योतीराम येणार होता, पण पवना दुथडी भरलेली आणि होडी काठाला बांधून ठेवलेली.

तिने घरून आणलेल्या तांब्यातून तोटीचा पेला भरला आणि आबांच्या ओठांशी नेला.

"कुठलं पाणी?"

"उकळलेलं आहे."

"कुठलं, म्हनलं."

"घरचं."

आबांनी तोंड फिरवलं. "ज्योती आला की पिईन."

"तांब्या तर तुम्हीच दिलेला. माझ्या लग्नातला."

"तांब्या माजा. पानी तुज्या सासरचं."

शेजारच्या खाटेवर उद्धवराव होते. बीडकडचे, इकडे गवंडीकाम करायला आलेले, परांचीवरून पडून पाय प्लास्टरमध्ये. त्यांनी मान उचलली.

"अवो ताई, दवाखान्याचंच हाय म्हणून सांगायचं की. म्हाताऱ्याला काय कळतंय?"

"म्हातारा ऐकतोय," आबा म्हणाले.

"ऐका की मग. आमच्याकडं बी हाय ही रीत. लेकीला मूल होईस्तवर तिच्या घरचं पाणी न्हाई. पण दवाखान्यात कुठली आलीय रीत?"

"रीत काय जागा बघून पाळायची असती व्हय?"

शालन उठून व्हरांड्यात गेली. रस्त्यावर एक ट्रक चिखलात रुतला होता आणि माणसं त्याला ढकलत होती. ज्योतीराम नव्हता. ती आत आली, सरळच असलेली चादर सरळ केली, खाटेखालची लघवीची रिकामी बाटली उचलून पाहिली, परत ठेवली, पुन्हा व्हरांड्यात गेली.

आबांनी ही रीत तिच्या लग्नापासून पाळली होती. ज्वारीचं पोतं घेऊन यायचे, भर उन्हात, बैलगाडी सोडायचे आणि आधी वसाहतीच्या नळावर जाऊन ओंजळीने पाणी प्यायचे. मग दारात येऊन बसायचे. "न्हाई, तहान न्हाई. नातवाच्या हातनं पिईन," म्हणायचे. सासूबाईंना कौतुक वाटायचं.

मग मूल झालं. मुलगा. बारशापर्यंतही राहिला नाही. पुरुषमाणसं त्याला फडक्यात गुंडाळून नदीकडे घेऊन गेली आणि हात-पाय धुऊन परत आली. नाव ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे घरात त्याला काय म्हणायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. मग कुणी काही म्हणेनासंच झालं. आबा भेटायला आले त्या दिवशी शालन खिडकीत होती. ते नळाशी वाकले, ओंजळ धरली, प्यायले, मिशी पुसली आणि घराकडे वळले. तिने खिडकी लावून घेतली होती.

दुपार कलली. सिस्टरने पोटावर हात ठेवून पाहिलं, बाटली पाहिली.

"थेंबसुद्धा नाही. पाणी किती प्यालेत?"

"मुळीच नाही," शालन म्हणाली.

"मुळीच नाही? अहो, मग होणार कुठून! आणि गाठ अडकलीय की पाणीच नाही, हे मी डॉक्टरांना काय सांगू? चहापर्यंत बघते. मग गाडी."

आबांचे ओठ वाळून पांढरे पडले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले, जणू प्रश्न दुसऱ्या कुणाचा होता. शालनने ओलं फडकं ओठांना लावलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

तिने फडकं खाली ठेवलं. स्टूल ओढलं आणि खाटेच्या अगदी जवळ बसली.

"आबा, मला मूल झालंय."

त्यांनी डोळे उघडले.

"झालंय ना? मी बाळंत झाले. दूध आलं होतं मला. तो गेल्यावरही येत होतं."

उद्धवरावांनी हळूच तोंड पलीकडे केलं.

"तुम्ही आलात तेव्हा नळावर पाणी पिऊन आलात. मी बघितलं."

आबा छताकडे बघू लागले. हलायचं नाही असं सांगितलेलं, म्हणून हलले नाहीत.

"मला वाटलं," ते म्हणाले, "तुज्या घरचं प्यालो, तर तुला वाटंल बानं आता आशा सोडली. आता हिला काय व्हत न्हाई, म्हनून प्याला."

"आणि मला वाटलं, तुम्ही त्याला नातू म्हणून धरलंच नाही."

बाहेर ट्रक निघाला असावा. माणसांनी एकदम ओरडा केला.

आबांनी तोंड उघडलं. शालनला ते पटकन उमगलं नाही. मग तिने पेला उचलला. पहिल्या घोटाला त्यांना ठसका लागला. तिने एका हाताने त्यांचा खांदा खाली दाबून धरला, उठू नयेत म्हणून, आणि दुसऱ्या हाताने पेला. मग ते गटागट प्यायले.

चहाची किटली आली आणि गेली, तरी काही नाही. सिस्टर गाडीचं बोलून आली. शालन पेल्यामागून पेला भरत राहिली. शेवटी आबा म्हणाले, "तू जरा भाईर जा." सिस्टरने पडदा ओढला. शालन व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी राहिली.

पहिली बाटली बिनदुधाच्या चहासारखी निघाली. शालनने सिस्टरकडे पाहिलं.

"आज लाल असायचीच," सिस्टर म्हणाली. "वाहतीय ना? बास." तिने बाटली खिडकीत ठेवली. दिवेलागणीच्या आत तिच्या शेजारी दुसरी ठेवली, जराशी फिकी. डॉक्टरांनी निघता निघता दोन्ही उजेडात धरून पाहिल्या आणि गाडी नको म्हणून सांगितलं.

ते गेले आणि ज्योतीराम आला. कमरेपर्यंत चिखल, खांद्यावर फडक्याने तोंड बांधलेली कळशी.

"होडी आत्ता सोडली, आबा. सकाळधरनं काठावर उबा हाय." त्याने कळशी जपून खाली टेकवली. "घरचं हाय. आयनं सोता उकळलंय. तुमी काय घेतलं नसंल, मला ठावं व्हतं. थांबा, पेला कुठाय?"

"ठिव तितं भिताडाला," आबा म्हणाले.

"अवो, घरचं हाय."

"कळलं. आदी नातवाच्या घरचं संपू दे."

ज्योतीराम कळशीवरचं फडकं सोडता सोडता थांबला.

"कुनाच्या?"

आबांच्या तोंडात पेल्याची तोटी होती.